हिरव्या पुडीची तारीख

बस. इथंच बस, खांबापाशी. पेज आत्ताच उतरवलीय, लगेच तोंडाला लावलीस तर जीभ सोलून निघेल. ती निवेपर्यंत एक गोष्ट सांगतो तुला, फुकटात. समोरच्या हॉस्पिटलातलीच आहे, पण डॉक्टरची नाही. डॉक्टरांच्या गोष्टी तिकडं भिंतीवर चौकटीत लावलेल्या असतात. ही भिंतीमागं बसणाऱ्या बाईची आहे.

तिचं नाव पिक-हून. अख्खं हॉस्पिटल तिला हून-ताई म्हणायचं, तिच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा. काम काय, तर काप काढायचं. माणसाच्या अंगातून गाठीचा तुकडा काढला की तो हिच्याकडं यायचा. ही तो मेणात बसवायची, मेणाचा ठोकळा यंत्राला लावायची आणि पात्यावर त्याचे पापुद्रे काढायची. पापुद्रा म्हंजे कांद्याचा नव्हे रे. कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढं गोणपाट. आपल्या डोक्यावरचा एक केस घे. त्या केसाच्या जाडीत हिचे वीस काप बसायचे! मग तो पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर झेलायचा, आणि ती काच भिंगाखाली घालून डॉक्टर सांगणार, की हा माणूस जगतो का जातो.

हे हात आले कुठून? खाडीतून. लहानपणी आईशेजारी स्टुलावर बसून कालवं फोडायची. दिवसाला दोन टोपल्या. कालवं फोडताना सुरी एक सूत जास्त आत गेली की पोट फुटतं आणि माल वाया. बाई सांगायची, "मी कॉलेजात शिकले ते नुसती नावं. काप काढायला आईनं शिकवलं. प्रत्येक फुटक्या कालवाला एक टपली."

आता हिरव्या पुडीचं सांगतो, कारण गोष्ट तिथंच अडकलीय. तुला माहितीच आहे, आपल्याकडं जिथं यंत्र तिथं त्याच्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी. पुडीचं नावच "शहाण्यासारखं वाग". हिरवीच पाहिजे, पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं. आणि पुडीची तारीख उलटता कामा नये, नाहीतर यंत्र म्हणतं, मला शिळं घालता काय! हसू नकोस. बँकेत ठेवतात, रेल्वेत ठेवतात, तिथं हॉस्पिटलानं काय घोडं मारलंय? तर काचांना रंग चढवणाऱ्या मोठ्या यंत्रावरची पुडी बदलायचं काम हून-ताईचं. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी पुडी उजेडात धरून तारीख वाचायची, ठेवायची, यंत्राच्या पाठीवर थाप मारायची. चौतीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

त्या साली वसंतात आंग काका आले.

आंग काका छीकूच्या खाडीतले कालवंवाले. तराफ्यावर जन्म गेला. त्यांच्या पिढीनं या किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी प्यायलंय, आणि त्या पाण्यात विष होतं हे कळेपर्यंत कुणाचे पाय काळे पडले होते, कुणाच्या लघवीच्या वाटेत गाठी आल्या होत्या. काकांची डावी किडनी अशाच गाठीपायी अकरा वर्षांपूर्वी काढली. उरली एक, उजवी. आणि एके सकाळी तराफ्याच्या कडेला उभं राहून लघवी केली तर पाणी लाल.

दुर्बिणीची नळी आत घालून तुकडा काढला, तोही तिळाएवढा. ही एकुलती किडनी, तिच्या नळीत जास्त खुपसाखुपशी करायची सोय नव्हती. आता सवाल एकच. गाठ गरीब असेल तर लेझरनं जाळायची, किडनी ठेवायची, दर तीन महिन्यांनी बघत राहायचं. गाठ दांडगी असेल तर किडनीसकट नळी काढायची आणि काकांनी उरलेला जन्म आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं. तराफा गेला, खाडी गेली. काका म्हणाले होते, "त्यापेक्षा मला भरतीत सोडून या."

भिंगाखाली ती गाठ ना धड गरीब दिसायची ना धड दांडगी. म्हणून तपासणारे डॉक्टर सियाव यांनी एक प्रोटीन बघायचं ठरवलं. त्याचं नाव आगगाडीएवढं लांब. हून-ताईनं त्याला आपलं नाव ठेवलेलं, उनाड. ज्या गाठीत उनाड जास्त, ती गाठ घरात बसत नाही, भिंत फोडून बाहेर हिंडते. अशा गाठींची माणसं लवकर जातात, निदान डॉक्टर मंडळींच्या वह्या तसं सांगत होत्या. उनाड असला की काच तपकिरी होते. नसला की निळसर, फिकी.

आंग काकांची काच फिकी आली.

डॉक्टर सियावना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः फोन केला. "काका, उनाड नाही. किडनी ठेवायची. पुढच्या आठवड्यात लेझर." तिकडून काका ओरडले ते फोन नसता तरी ऐकू आलं असतं. त्याच दिवशी देवीच्या देवळात गेले, फटाके लावले, आख्ख्या गल्लीला कालवांचं ऑम्लेट.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, हून-ताई काचा खणात लावून ठेवत होती. हे काम कुणीही करतं. पण हिची एक खोड. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती एक परका कण चिकटवायची. दुसऱ्याच गाठीचा कण, ज्यात उनाड ठासून भरलाय हे आधीच ठाऊक. त्याला ती साक्षीदार म्हणायची. रंग नीट चढला तर साक्षीदार तपकिरी झालाच पाहिजे. काच खणात टाकायच्या आधी ती उजेडात धरून साक्षीदाराचं तोंड बघायची.

आंग काकांच्या काचेवरचा साक्षीदार पांढराफटक होता.

तिनं काच पुसली. भिंगाखाली घातली. फिकाच. त्याच दिवशीच्या दुसऱ्या उनाडवाल्या काचा नव्हत्याच, ही एकटीच होती. ती उठली आणि यंत्रापाशी गेली. आणि बघ, माणूस सवयीचा कसा गुलाम असतो. पहिल्यांदा काय बघितलं असेल? पुडी! हिरवी होती, तारखेला अजून पाच महिने होते. मग खालचं झाकण उघडून उनाड ओळखणाऱ्या औषधाची बाटली काढली.

बाटलीची तारीख उलटून चाळीस दिवस झाले होते.

बाटलीच्या कागदावर खाली सही, "तारीख तपासली". सही तिचीच. महिन्याच्या पहिल्या दिवशी पुडीची तारीख दोनदा वाचली होती बाईनं आणि बाटलीच्या कागदावर न बघता सही ठोकली होती. औषध मेलेलं. मेलेलं औषध कुणालाही फिकंच म्हणणार.

ती तिथंच स्टुलावर बसली. तिला निवृत्त व्हायला सात आठवडे होते. काच खणात टाकली असती तर कुणी विचारणार नव्हतं. पण ही उठली ती सरळ डॉक्टर सियावच्या खोलीत, दार न वाजवता.

"डॉक्टर, आंग काकांची काच परत घ्या."

"का? तिच्या कागदावर सही झाली ना."

"साक्षीदार मुका आहे."

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. कान लाल झाले त्यांचे. "मी गाठच बघितली ताई. कोपरा बघितलाच नाही."

"बाटली मेलेली होती. ती मी भरली. चूक माझी."

"पण तरी," डॉक्टर म्हणाले, "कदाचित उत्तर तेच असेल. नाही म्हंजे नाहीच असेल."

"डॉक्टर, तुम्ही देवळात कौल लावता का?"

"आई लावते."

"लाकडाचे दोन तुकडे टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर देवी हो म्हणाली. दोन्ही पालथे, तर नाही. आणि दोन्ही उताणे पडले तर?"

"देवी हसते."

"हसते म्हंजे काय?"

"म्हंजे… प्रश्न धड विचारला नाहीत. पुन्हा विचारा."

"मग हे 'नाही' नव्हे. ही हसलीय," हून-ताई म्हणाली.

डॉक्टरांनी डोकं धरलं. "पुन्हा विचारायला तुकडा कुठाय? तिळाएवढा होता. तुम्हीच सोळा काप काढलेत. पुन्हा नळी घालायची म्हटलं तर त्या किडनीची नळी फाटेल."

"ठोकळ्यात आहे थोडा."

"किती?"

"खायला नाही पुरणार. विचारायला पुरेल."

आता ऐक, कारण ही बाई काय चीज होती ते इथं कळतं. ठोकळा एकदा यंत्रावरून उतरवला की परत लावताना तो सुतभर तरी तिरका बसतो. मग तो सरळ करायला वरचे आठ-दहा काप फुकट घालवावे लागतात. भरपूर माल असेल तर काही बिघडत नाही. इथं सगळा मिळून तीन-चार कापांचा माल. सरळ करतानाच तुकडा संपला असता आणि हातात नुसतं मेण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. पंखा बंद केला, वाऱ्यानं पापुद्रा उडतो. डॉक्टर सियाव दारात. म्हणाली, "उभे राहा, पण पाय घासू नका." नवं पातं लावलं. ठोकळा बर्फावर ठेवून गार केला. मग यंत्राला लावला आणि पातं अगदी जवळ आणलं, टेकू दिलं नाही. मागून दिवा धरला. ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसायची. रेघ डावीकडं जाड, उजवीकडं बारीक, म्हंजे ठोकळा तिरका. तिनं एक मळसूत्र नखभर फिरवलं. रेघ बघितली. परत नखभर. पाऊण तास ती नुसती उजेडाची रेघ बघत होती. डॉक्टरांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण हलायची छाती झाली नाही.

शेवटी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झाली. तेव्हा हून-ताई वाकली आणि ठोकळ्यावर तोंडानं हाऽऽ करून वाफ सोडली, आपण चष्म्यावर सोडतो तशी. त्या उबेनं मेण इवलंसं फुगतं, केसाच्या विसाव्या हिश्शाएवढं पुढं येतं. आणि चाक फिरवलं.

पहिला काप चुरगळला. परत बर्फ. परत हाऽऽ. दुसरा काप अर्धा आला, तीळ मधोमध फाटलेला.

"ताई…" डॉक्टर म्हणाले.

"गप्प बसा हो! तुमची आई कौल लावते तेव्हा बडबडता का?"

तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, डॉक्टरांनी पाहिलंय. डोळे मिटून चाक फिरवलं, आणि पात्यावरून एक पापुद्रा असा उतरला, जसा कालवाचा पडदा सुरीवरून उतरतो, अखंड. ब्रशच्या टोकावर घेऊन पाण्यावर सोडला. तो पसरला, सुरकुत्या गेल्या, मधोमध तीळ पुरता. तिनं काच खाली घालून त्याला उचललं आणि कोपऱ्यात साक्षीदार चिकटवला. ठोकळ्यात आता नुसतं मेण राहिलं होतं.

ताजी बाटली भरली. या वेळी तारीख मोठ्यानं वाचली आणि डॉक्टरांकडूनही वाचून घेतली. पुडीकडं बघितलंसुद्धा नाही.

दुपारी काच बाहेर आली. साक्षीदार तपकिरी. आणि तीळ? तीळही तपकिरी. चांगला गडद, चहाच्या चोथ्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, "मी फोन करतो काकांना."

"चूक माझी, तोंड माझं. आणि फोनवर नाही."

बोलवायची गरजच पडली नाही. आंग काका शनिवारी आपणहून हजर, कालवांची टोपली घेऊन, डॉक्टरांचे आभार मानायला. हून-ताईनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाटली, तारीख, सही, साक्षीदार, सगळं. एक शब्द मऊ केला नाही.

काकांनी टोपली पायाशी ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे पुडीची तारीख बघितलीत आणि बाटलीची नाही?"

"हो."

"मग ती शहाणपणाची पुडी यंत्रावर कशाला ठेवता बाई? आपल्या डोक्यावर ठेवायची!"

"ठेवायला हवी होती."

"मी फटाके लावले!" काका ओरडले. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "गल्लीला ऑम्लेट घातलं! देवीला विचारलं, कागद खरा ना? तीनदा हो म्हणाली!"

"तीनदा? पहिल्या झटक्यालाच?"

काका जरा चाचरले. "पहिल्यांदा दोन्ही उताणे पडले. हसली. मला वाटलं आनंदानं हसली. मग परत टाकले."

"ती मला हसली काका," हून-ताई म्हणाली. "तुम्ही मला विचारायला यायला पाहिजे होतं."

काकांना हसू फुटलं का रडू, ते त्यांनाही कळलं नसावं. पंजानं तोंड पुसलं. "तुम्ही गप्प बसला असता तर?"

"तर किडनी तुमच्याजवळ राहिली असती. वर्षभर, दीड वर्ष. तुमच्याबरोबरच गेली असती."

"कुणाला कळलं असतं?"

"मला."

काकांनी टोपली उचलली आणि निघून गेले. कालवं घेऊन गेले. हून-ताई म्हणाली, रास्त आहे.

चार दिवस काही खबर नाही. पाचव्या दिवशी काका काकूंना घेऊन आले, डॉक्टरांसमोर बसले आणि म्हणाले, "काढा." बस्स, एवढंच. किडनी आणि नळी निघाली. तो तुकडाही हून-ताईकडंच आला. तिनंच काप काढले. गाठ नळीची भिंत जवळजवळ सगळी पोखरून बसली होती, बाहेर पडायला दोन बोटं नव्हे, दोन पापुद्रे उरले होते. वरून लेझर मारलं असतं तर तोंड भाजलं असतं आणि मुळं तशीच चालत राहिली असती. उनाड खरं बोलला होता.

हून-ताईनं निवृत्तीच्या आधी दोन गोष्टी केल्या. आपल्या चुकीचा कागद आपल्या हातानं लिहून वरच्या साहेबांकडं दिला. त्यांनी तो परत करायला बघितला, "कशाला ताई, जाताजाता?" तर म्हणाली, "माझ्यानंतर येणारी माझ्यापेक्षा शहाणी असेल याची काय खात्री?" आणि दुसरं, हिरवी पुडी यंत्रावरून काढून बाटल्यांच्या फ्रीजच्या दारावर चिकटवली. आता पुडी बघायला जायचं तर बाटल्यांच्या तारखा डोळ्यासमोर येतातच. तिकडं सगळे आजही तसंच करतात. पुडी काढून टाका असं मात्र ती म्हणाली नाही. म्हणायची, यंत्राचं मन कशाला दुखवा.

याला पाच वर्षं झाली. आंग काका मंगळवार, गुरुवार, शनिवार समोर मशीनवर असतात. बाकीचे चार दिवस खाडीत. तराफा सुटला नाही त्यांचा, पोरगी ओढते आणि हे शिव्या घालतात. आभार त्यांनी बाईंचे कधी मानले नाहीत. बाईनं माफी दुसऱ्यांदा मागितली नाही. पण दर शनिवारी मशीनवर जायच्या आधी काका माझ्याकडं एक डबा ठेवून जातात. सोललेली कालवं, एकाचंही पोट फुटलेलं नाही. आणि झाकणावर जाड पेनानं त्या दिवसाची तारीख. आकडे एवढे मोठे की रस्त्यापलीकडून वाचता येतील. पहिल्यांदा तो डबा बघून बाई एवढी हसली की पेज सांडली.

निवली बघ तुझी पेज. खा आता. पण खायच्या आधी माझं एक काम कर, माझे हात पिठाचे आहेत. ती मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चष्मा कपाळावर चढवून बसलीय ना, आखूड केसांची? तिला हा डबा नेऊन दे. काही बोलू नकोस, ती मान वर करणार नाही. फक्त झाकणाची बाजू वर ठेव. तारीख तिला आधी वाचायची असते.